दूरच्या धन्याचे गाऱ्हाणे

ज्याने पैसा दिला तो धनी आणि ज्याने तो वापरावयास घेतला तो त्याचा कारभारी, अशी व्यवहाराची कागदोपत्री मांडणी असते. एखाद्या कंपनीचे दहा भाग विकत घेणारा शाळामास्तर कायद्याने त्या कंपनीचा भागीदार-मालक ठरतो. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम बँकेत ठेवणारा कारकून त्या बँकेचा धनको असतो. प्रत्यक्षात मात्र या धन्याने आपला कारखाना कधी पाहिलेला नसतो आणि आपल्या बँकेच्या संचालकांची नावेही त्यास ठाऊक नसतात. लाभांश वेळेवर आला, व्याज जमा झाले, म्हणजे सारे सुरळीत आहे असे तो धरून चालतो. ज्या दिवशी लाभांश येत नाही, भागांचे हस्तांतर अडून राहते, किंवा मुदत ठेव समजून सही केलेला कागद विम्याचा अर्ज निघतो, त्या दिवशी त्यास आपल्या धनीपणाची खरी किंमत कळून येते. तो पत्र लिहितो, उत्तर येत नाही. तो कचेरीत खेटे घालतो, साहेब जागेवर नसतात. वकील करावा तर त्याची फी वादातील रकमेहून अधिक व्हावयाची. दाद ना फिर्याद, अशी त्याची स्थिती होते. या माणसाचे गाऱ्हाणे ऐकावे कोणी, या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यातील काही प्रकरणे आपल्या मुंबईतच घडली आहेत.

दूर बसून कारभाऱ्यांवर विसंबून राहण्यातील अडचण जिने प्रथम ओळखली, आणि तिच्यावर उपायही शोधला, ती व्यक्ती मात्र एक राजा होती. स्वीडनचा बारावा चार्ल्स १७०९ साली पोल्टाव्हाच्या रणांगणावर रशियाच्या पीटरकडून पराभूत झाला आणि तुर्की साम्राज्याच्या आश्रयाला गेला. तेथे तो पाच वर्षे राहिला. राज्य उत्तरेला, राजा दक्षिणेला. मधल्या काळात अधिकारी काय करीत आहेत, कर कोणाकडून किती वसूल होतो, कायदा पाळला जातो की नाही, हे त्यास कळावे कसे? उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार फार काळ चालणार नाही, हे त्याने ओळखले. १७१३ साली त्याने परमुलखातूनच आज्ञापत्र काढून आपल्या वतीने अधिकाऱ्यांवर देखरेख करणारा एक ‘ओम्बुड्समन’ नेमला. या स्वीडिश शब्दाचा अर्थ प्रतिनिधी, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा मुखत्यार, असा आहे.

पुढे १८०९ साली स्वीडनने नवी राज्यघटना स्वीकारली आणि त्या घटनेने एक महत्त्वाचा फरक केला. राजाचा न्यायाधिकारी होताच. त्याच्या जोडीला संसदेने निवडलेला, राजसत्तेपासून स्वतंत्र असा ओम्बुड्समन उभा करण्यात आला. १८१० साली लार्स ऑगस्टिन मानरहेम यांची या पदावर पहिली निवड झाली. राजाच्या मुखत्याराशेजारी प्रजेचा मुखत्यार उभा राहिला. त्याच्या हाती फौज नव्हती, तिजोरी नव्हती. तक्रार ऐकावी, कागदपत्रे मागवावी, चूक कोणाची ते स्पष्ट सांगावे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरावा आणि आपला अहवाल संसदेपुढे ठेवावा, ही त्याची शस्त्रे होती. या संस्थेचे दोन आधार आहेत. गैरहजर असलेल्याच्या वतीने जवळ राहून पाहणारा कोणी तरी हवा, हा पहिला. आणि ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांचे मिंधेपण त्या पाहणाऱ्यावर असता कामा नये, हा दुसरा. या दोन्ही गोष्टी गुंतवणूकदाराच्या बाबतीत जुळून येण्यास पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

स्वीडनमधील या घटनेनंतर अर्धशतकाने मुंबईत गुंतवणूकदार हा वर्ग प्रथमच मोठ्या संख्येने उदयास आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी होती, म्हणून रोज नवी कंपनी निघू लागली. १८६५ च्या आरंभी एकट्या मुंबईत ३१ बँका होत्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निराळ्याच. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखांचे व्यवहार होत. बाँबे बँकेत सरकारचे भागभांडवल होते आणि सरकारनियुक्त संचालकही होते, त्यामुळे ती सर्वांत सुरक्षित मानली जाई. परंतु १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली आणि ती कंपन्यांच्या भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देऊ लागली.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता, आणि त्या दिवशी कोणी कोणाचे देणे फेडू शकत नाही असे उघड झाले. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या, बाँबे बँकही पुढे बुडाली. १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली या बँकेच्या अपयशाची चौकशी झाली. चौकशीत कर्जे कशी दिली गेली, संचालकांनी कोठे डोळेझाक केली, हे सारे बाहेर आले. तथापि ही चौकशी म्हणजे वरातीमागून घोडे होते. बँकेत काय चालले आहे अशी शंका ज्या भागधारकास १८६४ साली आली असेल, त्याने ती न्यावयाची कोणाकडे? तशी जागाच नव्हती. संचालकांविषयीची तक्रार संचालकांनीच ऐकावयाची, अशी ती व्यवस्था होती.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. १८६५ साली बुडालेल्यांपैकी पुष्कळजण स्वतःच्या हावेने बुडाले. पाच हजारांचा भाग पन्नास हजारांना घेणाऱ्याचे नुकसान कोणत्याही लोकपालाने भरून दिले नसते, आणि देऊही नये. धंद्यातील जोखीम ही एक गोष्ट आणि विश्वासघात ही दुसरी. भाव पडला म्हणून झालेला तोटा गुंतवणूकदाराने सोसावयाचा असतो. खोटी माहिती देऊन, रक्कम दाबून ठेवून किंवा भलताच कागद पुढे करून झालेला तोटा त्याने सोसावा असे कोणताही धर्म वा कायदा सांगत नाही. या दोहोंतील सीमारेषा आखून देणारा निष्पक्ष माणूस त्या काळी नव्हता, ही खरी उणीव होती.

पडझडीतून शहाणपण आले, ते दलालांना. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. ३१८ सभासद आणि प्रवेशफी एक रुपया. तोच पुढे दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजार झाला. संघटनेने नियम केले, शिस्त आणली, सभासदांतील तंटे मिटविण्याची सोय केली. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा दलालाशी तंटा झाला तर मात्र निवाडा बाजाराच्याच चौकटीत व्हावयाचा. बाजाराच्या कारभाराविषयी कुरबुरी वाढल्या तेव्हा मुंबई सरकारने १९२३ साली ॲटले समिती नेमली आणि १९२५ साली रोख्यांच्या व्यवहारांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली सर्व देशासाठी रोखे करार नियमन कायदा झाला. हे कायदे बाजारासाठी होते. बाजार सुरळीत चालला म्हणजे गुंतवणूकदाराचे हित आपोआप साधेल, अशी त्यामागील समजूत होती.

त्या समजुतीला लौकरच धक्का बसला. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन लक्षावधी विमेदारांची पुंजी आयुर्विमा महामंडळाकडे आली. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी हा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९५८ च्या आरंभी मुंबईत ही चौकशी उघडपणे चालली. गर्दी इतकी लोटे की सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांतच अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विमेदाराचा पैसा कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कशात गुंतविला, याचा जाब भर चौकात विचारला गेला, ही आपल्या लोकशाहीच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय.

न्याय म्हटला की आपल्या मनापुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरविणारा तो बाणेदार न्यायाधीश. छागला आयोगाने तसेच काहीसे समाधान दिले. परंतु मोठ्या अपराधापुढे मोठा न्यायाधीश उभा राहिला म्हणजे लहान गाऱ्हाणे निकालात निघते असे नाही. ज्या विमेदाराच्या विधवेला दाव्याची रक्कम दोन वर्षे मिळाली नाही, तिच्यासाठी आयोग बसत नाही, लोकसभेत प्रश्न विचारला जात नाही. तिला रोजच्या रोज उघडे असणारे, फी न घेणारे, साध्या कागदावर लिहिलेले ऐकून घेणारे एक दार हवे असते.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांच्या रक्षणाचा विचार निकडीचा झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. प्रारंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. २०२० साली ती पाच लाख करण्यात आली. ही फार मोलाची सोय आहे; परंतु ती बँक बुडाल्यानंतरची आहे. धडधाकट बँकेने ठेवीदारास चुकीचे वागविले तर काय, या प्रश्नाचे उत्तर ठेवविम्यात नव्हते.

ते उत्तर ज्या संस्थेत होते ती याच सुमारास जगभर पसरू लागली होती. डेन्मार्कने १९५५ साली, न्यूझीलंडने १९६२ साली आपापले ओम्बुड्समन नेमले. आपल्याकडे १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी ‘लोकपाल’ हा सुंदर शब्द घडविला. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासन सुधारणा आयोगाने १९६६ साली लोकपाल व लोकायुक्त यांची शिफारस केली, आणि महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्तांचा कायदा केला. हे सारे सरकारी कारभारापुरते होते. कंपनी, बँक, विमा यांच्या कारभारात असा माणूस बसवावा ही कल्पना इंग्लंडमध्ये मूळ धरू लागली. तेथील काही विमा कंपन्यांनी १९८१ साली, आणि बँकांनी १९८६ साली, आपण होऊन अशी कचेरी काढली. कंपन्यांनीच पोसलेला हा मध्यस्थ कंपन्यांविरुद्ध बोलेल काय, अशी शंका घेतली जाई, आणि ती अनाठायी नव्हती. म्हणूनच पुढे २००० सालच्या कायद्याने तेथे सर्व वित्तव्यवहारांसाठी एकच कायदेशीर ओम्बुड्समन आला.

आपल्या देशात १९९२ च्या रोखे घोटाळ्याने गुंतवणूकदाराची असहायता पुन्हा एकदा उघडी पडली. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ग्राहक न्यायालये १९८६ च्या कायद्याने आली होती. परंतु १९९४ साली एका म्युच्युअल फंडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की ज्याने केवळ अर्ज केला आहे आणि ज्यास अजून भाग मिळालेले नाहीत, तो भावी गुंतवणूकदार ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे एक दार अर्धे लागले. पुढील वर्षी दुसरे उघडले. जून १९९५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग लोकपाल योजना सुरू केली. १९९८ साली विमा लोकपाल आले.

या योजनेच्या पुढील वाटचालीत एक तपशील फारसा बोलला जात नाही. मला मात्र तो सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. आरंभी बँकिंग लोकपालाच्या कचेरीचा खर्च बँका सोसत असत. २००६ च्या सुधारित योजनेने हा खर्च आणि कर्मचारीवर्ग दोन्ही रिझर्व्ह बँकेकडे घेतले. ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध निवाडा देणे अवघड असते, हे जुने मानवी सत्य येथे हिशेबाच्या वहीत उतरले. स्वीडनने १८०९ साली राजापासून स्वतंत्र असा संसदेचा ओम्बुड्समन उभा केला, त्यामागील विचार याहून निराळा नव्हता.

पुढे २०१७ साली या योजनेत आणखी एक भर पडली. बँकेच्या खिडकीवर विमा, म्युच्युअल फंड यांसारखी परक्यांची योजना विकताना झालेला दोष तक्रारीस पात्र ठरला. ठेवीचे नूतनीकरण करावयास गेलेल्या वृद्धाच्या हाती वीस वर्षांच्या विम्याची पावती पडावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेला असेल. अशा वेळी बँक म्हणे, योजना विमा कंपनीची. विमा कंपनी म्हणे, विकली बँकेने. त्या टोलवाटोलवीला या दुरुस्तीने आळा घातला. २०२१ साली बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि अंकीय देवघेव यांच्या तीन योजना एकत्र करण्यात आल्या. त्या एकत्रित योजनेची रीत साधी होती. प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार करावयाची. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले पटले नाही तर लोकपालाकडे जावयाचे. फी नाही. वकिलामार्फत तक्रार घेतली जात नाही. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर निवाडा. तक्रारदाराने निवाडा स्वीकारला तर तो संस्थेवर बंधनकारक. न स्वीकारला तर न्यायालयाची वाट त्यास मोकळीच. दुबळ्या पक्षाच्या बाजूने झुकविलेला हा तराजू मुद्दाम तसा ठेवलेला आहे, कारण मुळात तो दुसऱ्या बाजूला झुकलेला होता.

रोखेबाजारात मात्र कथा इतकी सरळ गेली नाही. सेबीने २००३ साली ओम्बुड्समनचे स्वतंत्र नियम केले. परताव्याची रक्कम, लाभांश, भागांचे दाखले न मिळणे यांसारख्या तक्रारी त्यांत समाविष्ट होत्या. परंतु गुंतवणूकदारांच्या तक्रारींची खरी रहदारी पुढे दुसऱ्याच रस्त्याने गेली. २०११ साली ‘स्कोअर्स’ ही संगणकीय तक्रारव्यवस्था आली, आणि २०२३ साली समेट व लवाद यांची संगणकीय सोय तिच्या जोडीला आली. या व्यवस्थेत तक्रार हरवत नाही. तिला क्रमांक मिळतो, मुदत मिळते, ती कोठे अडली ते दिसते. ही प्रगती लहान नाही. तरीही यंत्राने तक्रार पुढे सरकविणे आणि माणसाने ती वाचून चूक कोणाची हे सांगणे, या दोहोंत अंतर आहे. बँकेच्या ठेवीदारास जो निवाडा करणारा लोकपाल लाभला, तसा भागधारकास लाभण्याऐवजी मार्ग लाभला, असे म्हणता येईल.

लोकपालाचे आणखी एक काम असते, आणि ते सहज दृष्टीस पडत नाही. एका माणसाची तक्रार ही एका माणसाची अडचण असते. त्याच प्रकारच्या हजार तक्रारी एका टेबलावर आल्या म्हणजे ती व्यवस्थेची खोड ठरते. अहवालात त्या खोडीचा उल्लेख होतो आणि नियम बदलावा लागतो. बाँबे बँकेच्या भागधारकांच्या शंका १८६४ साली अशा एखाद्या टेबलावर गोळा झाल्या असत्या, तर त्या वर्षीच कोणी तरी कर्जांच्या वह्या उघडून पाहिल्या असत्या. त्याने सट्टा थांबला असता असे मी म्हणत नाही. निदान सावधगिरीची घंटा चार वर्षे आधी वाजली असती.

म्हणून श्रोत्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की तक्रार करणे हे भांडखोरपणाचे लक्षण मानू नये. तारीख घालून पत्र लिहावे, त्याची पोच घ्यावी, सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि मुदत उलटली की पुढचे दार ठोठवावे. बाराव्या चार्ल्सला आपल्या राज्यापासून दूर राहावे लागले म्हणून त्याने मुखत्यार नेमला. आपण सारे आपल्या पैशापासून दूरच राहतो. आपला मुखत्यार नेमलेला आहे; तो ज्यांच्यावर नजर ठेवतो त्यांच्यापासून तो किती मोकळा आहे, हे पाहत राहण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.